धर्मानंद कोसंबी : बुद्धाच्या शोधात देशोदेशी

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर विद्यार्थ्यांना नेले की आम्ही सतराव्या लेण्यापाशी थांबतो. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने ते दान दिले, असे तेथील शिलालेख सांगतो. परदेशीय माणसे धम्मासाठी येथवर आली. मग आपली माणसे तिकडे गेली काय, असा प्रश्न मुलांना पडतो. तेव्हा आम्ही त्यांना धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र सांगतो.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम झाले. नारळाच्या बागेची देखरेख करीत त्यांनी वाचनाची आवड जोपासली. 1897 साली ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात तथागतांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि धम्म मुळातून जाणण्याचा ध्यास लागला. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी मागे राहिल्या. या ज्ञानयात्रेची किंमत त्या दोघींनीही मोजली, हे आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही.

पुण्यात आणि पुढे काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. 1902 साली नेपाळ गाठले. तेथे निराशा पदरी आली. मग बुद्धगयेवरून, समुद्र ओलांडून ते सिंहलद्वीपी पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांजवळ श्रामणेर होऊन त्यांनी पालीचे अध्ययन केले. पुढे ब्रह्मदेशातील विहारांत राहून ध्यानाभ्यास केला. सकाळी भिक्षाटन, मध्यान्हानंतर अन्न वर्ज्य, पावसाळ्यात एकाच ठिकाणी वर्षावास, ही तेथील भिक्षुजीवनाची रीत त्यांनी स्वतः आचरली. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत लिहितात. धर्मानंदांनी त्या लिपी आत्मसात केल्या.

स्वदेशी परतल्यावर कलकत्त्यातील अधिक वेतनाची नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा 50 रुपयांचे साहाय्य त्यांनी स्वीकारले. 1910 साली ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. 1912 पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. ‘निवेदन’ या आत्मचरित्रातून त्यांनी या देशांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. जून 1947 मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. तेच बाबासाहेब 1950 साली श्रीलंकेस आणि 1954 साली रंगूनला बौद्ध परिषदांना गेले. गोव्यातील बागेत वाचलेले मासिक असो वा मुंबईत मिळालेली भेट, दोन्ही महायात्रांच्या आरंभी मराठीतील एक बुद्धचरित्र होते.

परदेश म्हणजे श्रीमंतांच्या मुलांनी पाहावयाची ठिकाणे, असे आमच्या वसतिगृहातील मुलांना वाटू नये. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी या शाळेत येताना एखादे पुस्तक सोबत आणावे, एवढीच आमची विनंती आहे.