शेठ वालचंद हिराचंद : बोटीबरोबर गोष्टही नेणारे उद्योगपती

मालवण, देवगड, वेंगुर्ला या बंदरांतून आगबोटीने मुंबई गाठणारी पिढी आता उतारवयाला लागली आहे. बोटीचा भोंगा त्या प्रवाशांच्या परिचयाचा होता. बोट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नसे. तो प्रश्न साऱ्या देशाला विचारावयास लावणारे शेठ वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबातले. समुद्राकाठी त्यांचे बालपण गेले नव्हते, हे विशेष.

जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरचा व्यवसाय पेढीचा व व्यापाराचा. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली आणि त्यातून नाव व पैसा दोन्ही मिळविले.

खरी कसोटी १९१९ साली आली. नरोत्तम मोरारजी आदी मित्रांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. ग्वाल्हेरच्या महाराजांनी महायुद्धात रुग्णालय-नौका म्हणून वापरावयास दिलेली ‘लॉयल्टी’ ही बोट कंपनीने विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता ही बोट काही फायद्याची ठरली नाही. १९२३ साली ती मोडीत निघाली. परंतु भारतीयांच्या मालकीची बोट विलायतेच्या वाटेला लागली, ही वार्ता मोडीत निघाली नाही. वालचंदांनी ती जपली, वाढविली आणि भांडवलासारखी वापरली.

त्यांच्यासमोर लॉर्ड इंचकेप यांची बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनी उभी होती. तिने दर पाडले. सिंदिया विकत घेण्याचाही प्रस्ताव पुढे केला. स्वस्त भाडे आणि जुनी पत या दोन्ही बाबतींत नव्या कंपनीचा टिकाव लागणे कठीण होते. भागधारक घाबरले असते तर सर्व तेथेच संपले असते. अशा वेळी वालचंदांनी केवळ नफ्यातोट्याचा हिशेब पुढे केला नाही. या देशाची गलबते एके काळी दूरदूरच्या बंदरांना जात होती, परकीय सत्तेखाली तो धंदा बुडाला, आणि सिंदिया म्हणजे त्याचे पुनरुज्जीवन, अशी त्यांची मांडणी होती. श्रीपालचरित्रातील धवलशेठची जहाजे ज्यांनी ऐकली आहेत, किंवा १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना ही गोष्ट पटवून देण्याची गरजच नाही.

अर्थात निव्वळ गोष्टीने बोट चालत नाही. १९२३ च्या करारात सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. तो घोट कडू होता, पण कंपनी जगली. किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय बोटींसाठी राखून ठेवावी, यासाठी विधिमंडळात १९२८ साली साराभाई हाजी यांचे विधेयक आले, त्यामागेही हीच मांडणी होती. १९२९ साली नरोत्तम मोरारजी निवर्तले व अध्यक्षपद वालचंदांकडे आले. पुढे कोकण किनाऱ्यावरील बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनीही सिंदियाच्या छत्राखाली आली.

नावांकडे त्यांच्या कंपनीचे लक्ष बारकाईचे होते. तिच्या बोटींची नावे ‘जल’ या शब्दाने सुरू होत. नाव वाचताच बोट आपली आहे हे कळावे. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. दुसऱ्याच वर्षी जपानी बॉम्ब तेथे पडले, काम खोळंबले. तरी १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथील ‘जलउषा’ पाण्यात सोडली. स्वतंत्र भारतात उतरलेल्या त्या बोटीला उषेचे नाव देणे हे उत्तम व्यापारी बुद्धीचेच लक्षण म्हणावे लागेल.

बंगळूरचा विमान कारखाना (१९४०), प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४), वालचंदनगर आणि रावळगावची साखर व गोळ्या हा विस्तार सर्वश्रुत आहे. प्रकृती ढासळल्याने १९५० मध्ये ते सिंदियाच्या कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.