सेनापती हंबीरराव मोहिते

कडेगावहून पश्चिमेकडे गेले, की कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाड लागते. तेथून जवळच वसंतगडाच्या पायथ्याशी तळबीड हे गाव आहे. मोहित्यांचे मातब्बर घराणे येथलेच. या घराण्यातील संभाजी मोहिते यांचे पुत्र हंसाजी. त्यांची बहीण सोयराबाई ही शिवाजी महाराजांची राणी होती. परंतु हंसाजींनी नाव मिळविले, ते सोयरिकीच्या नव्हे, तलवारीच्या बळावर.

१६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले. राज्याभिषेक तोंडावर आला असता फौज पोरकी झाली. तेव्हा महाराजांनी चिपळूण येथे हंसाजींस सरनौबती दिली आणि ‘हंबीरराव’ या किताबाने गौरविले. पुढे १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेत त्यांनी मोठा पराक्रम गाजविला.

त्यांची खरी कसोटी मात्र रणांगणाबाहेर लागली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. रायगडावर सोयराबाई व काही प्रधान यांनी दहा वर्षांच्या राजारामास गादीवर बसविले. थोरले पुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. त्यांना कैद करण्यासाठी मोरोपंत पिंगळे व अण्णाजी दत्तो निघाले. आता सारा भरवसा सेनापतीवर होता. फौज ज्याची, त्याचे राज्य. राजाराम हा हंबीररावांचा भाचा. त्याचा पक्ष घेतला असता, तर दौलतीची सूत्रे त्यांच्याच घरी आली असती. परंतु त्यांनी नाते बाजूस सारले व थोरल्या पुत्राचा हक्क मानला. प्रधानांना अटक करून त्यांनी संभाजीराजांपुढे उभे केले. घरचा कलह रणांगणावर जाण्यापूर्वीच शमला.

१६८१ च्या आरंभी त्यांनी मोगलांचे संपन्न शहर बुऱ्हाणपूर लुटले. त्याच वर्षी सोयराबाईंचा शोचनीय अंत झाला. बहिणीचे दुःख उरी असतानाही हंबीररावांची निष्ठा ढळली नाही. औरंगजेब प्रचंड सैन्यानिशी दक्षिणेत उतरला, तेव्हा ते सतत सहा वर्षे त्याच्या फौजांशी झुंजले. अखेर डिसेंबर १६८७ मध्ये वाईजवळ सर्जाखानाशी लढताना तोफेचा गोळा लागून ते पडले. त्यांची समाधी तळबीड येथे आहे.

त्यांची कन्या ताराबाई राजारामांची राणी झाली. पतीच्या निधनानंतर १७०० पासून सात वर्षे तिने औरंगजेबाशी झुंज देऊन राज्य राखले. पित्याने ज्या राज्यासाठी आप्तांचा मोह सोडला, ते राज्य संकटात कन्येने सांभाळले.