कॅपाब्लांकाला हरवणाऱ्या सुलतान खान यांना बुद्धिबळाच्या चाली वाचता येत नव्हत्या का?

पनवेलमध्ये बुद्धिबळाच्या क्लासला घातलेलं सात-आठ वर्षांचं पोर सुरुवातीलाच दोन गोष्टी शिकतं. सोंगटी हलवायची कशी, आणि हलवलेली सोंगटी कागदावर लिहायची कशी. पहिल्या गोष्टीत मजा येते, दुसरीचा कंटाळा. पण मोठ्या स्पर्धेत लिहिण्यापासून सुटका नाही. एकच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली म्हणून बरोबरी मागायची असेल, तर आधी कागद दाखवावा लागतो.

आणि बुद्धिबळाच्या इतिहासात एक माणूस असा आहे, ज्यांनी तीनदा ब्रिटिश विजेतेपद जिंकलं, माजी जगज्जेत्याला हरवलं, पण त्यांना हे लिहिलेलं वाचताच येत नव्हतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्यांचं नाव मीर सुलतान खान.

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातल्या मिठा टिवाणा या गावचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. नऊ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवलं. पण हा खेळ म्हणजे आज मोबाईलवर खेळतो तो नव्हे. हा देशी डाव. आपल्याकडच्या जुन्या जाणत्या माणसांना तो चांगलाच आठवत असेल.

सोंगट्या त्याच. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. शह आणि मात तेच. फरक नियमांत. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर तो एकदाच घोड्यासारखी अडीच घरं जाऊ शकतो. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की सरळ वजीर होत नाही, ज्याच्या पट्टीत पोहोचलं ती सोंगटी होतं. हत्तीच्या पट्टीत गेलं तर हत्ती. असा डाव सुरुवातीला संथ चालतो. सुरुवातीच्या पंधरा-वीस चाली पाठ करायची गरजच पडत नाही.

विशीत येईपर्यंत सुलतान खान पंजाबातले नामांकित खेळाडू झाले. तिथले बडे जमीनदार सर उमर हयात खान टिवाणा यांनी त्यांना आश्रय दिला आणि युरोपीय नियम शिकवले. १९२८ मध्ये त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा मारली. नऊ डावांत आठ विजय, एक बरोबरी, हार नाही. पुढच्या वर्षी सर उमर लंडनला निघाले आणि सुलतान खानही सोबत गेले.

लंडनमध्ये सरावासाठी एक छोटी स्पर्धा झाली. त्यात हे तळाला राहिले. साहजिकच होतं, कारण समोरचे खेळाडू पुस्तकं वाचून, छापलेले डाव अभ्यासून आले होते. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन ब्रिटिश खेळाडूंनी मग त्यांना सुरुवातीच्या चाली शिकवल्या. काही महिन्यांतच, १९२९ च्या उन्हाळ्यात, सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले. १९३२ आणि १९३३ ला पुन्हा तेच.

मधल्या काळात हेस्टिंग्जची स्पर्धा आली. १९३० चं वर्ष संपून १९३१ उजाडत होतं. समोर होता क्युबाचा कॅपाब्लांका, १९२१ ते १९२७ असा जगज्जेता, आणि सहसा न हरणारा. पांढऱ्या सोंगट्या सुलतान खान यांच्याकडे. त्यांनी पहिल्याच चालीला राजाकडचा घोडा बाहेर काढला. कॅपाब्लांकानंही तेच केलं.

लिपीची गंमत इथंच कळते. त्या काळी इंग्रजी पुस्तकांत घराला नाव सोंगटीवरून मिळायचं, आणि मोजणी ज्याच्या त्याच्या बाजूने. त्यामुळे पांढऱ्याची चाल 'घोडा, राजाकडच्या उंटाचं तिसरं घर' अशी लिहायची. काळ्याचीही अक्षरशः तीच. दोन वेगळी घरं, नाव एकच! पटावरच्या प्रत्येक घराला अशी दोन नावं, आणि शिकणाऱ्याच्या डोक्याला ताप.

आजची पद्धत सोपी आहे. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून आठ उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरं, आणि त्याच्याच बाजूने आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे. एका घराला एकच नाव. राजाला के, वजिराला क्यू, हत्तीला आर, उंटाला बी. घोड्याच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षरही के, पण ते राजाने आधीच पटकावलेलं, म्हणून घोड्याला एन. प्याद्याला बिचाऱ्याला अक्षरच नाही, नुसतं घर लिहायचं. सोंगटी मारली की फुलीचं चिन्ह, शह दिला की अधिकचं. म्हणजे त्या डावाची पहिली चाल एनएफ३ आणि उत्तर एनएफ६. ही पद्धत फिलिप स्टामा या सीरियाच्या अलेप्पोतून आलेल्या माणसाने १७३७ मध्ये पॅरिसला छापलेल्या पुस्तकातून पुढे आली. इंग्रज मात्र जुनी पद्धत सोडायला तयार नव्हते. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९८१ मध्ये तिची मान्यताच काढली.

तो डाव साठहून जास्त चाली चालला आणि कॅपाब्लांका हरला. त्या स्पर्धेत युवे पहिला, कॅपाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरे. ऑलिंपियाडमध्ये ते तीनदा इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसले. १९३१ ला प्रागमध्ये त्यांनी रुबिनस्टाइनला हरवलं आणि जगज्जेत्या अलेखाइनला बरोबरीत रोखलं. हे सगळं करताना त्यांची तब्येत ढासळलेली असायची. हिवताप, सर्दी, घशाचा त्रास. कधी कधी गळ्याला पट्टी गुंडाळून ते खेळायला बसत.

१९३३ ला अमेरिकेचा संघ सर उमर यांच्या लंडनच्या घरी गेला, तेव्हा सुलतान खान वाढप्याचं काम करत होते, असं अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाइन यांनी पुढे लिहिलं. ही गोष्ट जगभर पसरली. अडाणी नोकर, ज्याला चालींची लिपीही वाचता येत नाही, पण साहेबांना हरवतो. गोष्ट म्हणून भारीच. २०२० मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत चरित्र आलं, त्याच्या नावातही नोकर हा शब्द होताच. तेव्हा मात्र त्यांची नात पुढे आली. आजोबा नोकर नव्हते, जमीनजुमला असलेल्या घरातले होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत होतं, हे तिने जाहीरपणे मांडलं. युरोपीय पुस्तकांवर न वाढलेला माणूस आणि अडाणी माणूस यांत फरक आहे, आणि तिचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

१९३३ च्या डिसेंबरात सर उमर भारतात परतले, सुलतान खानही परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना हाती लागली ती एकच बरोबरी, बाकी नऊ डाव सुलतान खान यांचे. त्यानंतर मोठ्या बुद्धिबळात ते दिसले नाहीत. शेती बघितली, संसार केला. मुलांना त्यांनी हा खेळ शिकवला नाही, आयुष्यात काहीतरी जास्त उपयोगाचं करा असं त्यांचं सांगणं होतं, अशी थोरल्या मुलाची आठवण आहे.

१९५० मध्ये फिडेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले. खेळ सोडून बसलेल्या रुबिनस्टाइनला तो मिळाला, सुलतान खान यांना नाही. १९६६ मध्ये पाकिस्तानातल्या सरगोधा इथे ते वारले. २०२४ च्या फेब्रुवारीत फिडेच्या अध्यक्षांनी इस्लामाबादला जाऊन त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर जाहीर केलं. हेस्टिंग्जचा तो डाव एनएफ३ पासून शेवटपर्यंत आज मोबाईलवर एका बोटाने बघता येतो.