पारा मोजणारा योगी

आमच्या वारजे माळवाडीत पहाट होते ती महामार्गावरच्या ट्रकच्या आवाजाने. त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आमची सोसायटी, आणि सोसायटीच्या गच्चीवर रोज साडेपाचला योगवर्ग भरतो. चौदा-पंधरा सतरंज्या अंथरलेल्या असतात, त्यांतली एक माझ्या आजीची. गेल्या वर्षी श्रावणात आजीने रक्तदाबाची गोळी बंद केली. कपालभाती नियमित करणाऱ्याला गोळीची गरज उरत नाही, असे तिला कोणीतरी सांगितले होते. घरात कोणालाच पत्ता नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली ती उठेचना. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा १९० च्या पुढे होता. वेळेवर लक्षात आले म्हणून निभावले, एवढेच.

त्यानंतर आमच्या घरात सरळ दोन तट पडले. बाबांच्या मते योग म्हणजे निव्वळ थोतांड. आजीच्या मते दोष योगाचा नव्हे, तिच्याच अभ्यासात काहीतरी खोट राहिली असणार. मी मधल्यामध्ये. मला दोघांचेही पटत नव्हते आणि दोघांना द्यायला उत्तरही नव्हते. अशा मनःस्थितीत असताना ग्रंथालयात स्वामी कुवलयानंदांचे आसनांवरील इंग्रजी पुस्तक हाती आले. पाने चाळता चाळता सूचनांचा भाग लागला आणि मी उभ्याउभ्याच तो वाचून काढला. त्यात काय होते ते पुढे सांगते. आधी हा मनुष्य कोण होता ते सांगितले पाहिजे.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतील डभोईचा. घरची गरिबी. बुद्धी मात्र तल्लख. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. ज्या विद्यार्थ्यांनी ही शिष्यवृत्ती मिळवली त्यांची नावे त्या काळी लोक कौतुकाने घेत. पुढे बडोद्यास महाविद्यालयात शिक्षण झाले. तेथे अरविंद घोष अध्यापक होते, देशभर टिळकांचे वारे वाहत होते, आणि या तरुणाने आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचा निश्चय केला. असा निश्चय त्या पिढीत पुष्कळांनी केला होता. तो शेवटपर्यंत टिकवणारे थोडे.

१९०७ ते १९१० या काळात ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांकडे शिकले. माणिकराव म्हणजे देशी व्यायामाचे गुरुकुलच. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती हे सगळे तेथे शिस्तीने शिकवले जाई. ही तीन वर्षे मला महत्त्वाची वाटतात. पुढे योगी झालेला हा मनुष्य आधी आखाड्यातला होता. शरीर कसे वाकते आणि कोठे दगा देते, हे त्याला ग्रंथातून कळलेले नव्हते. नंतर ते खानदेशात अंमळनेरला शिक्षणकार्यात पडले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सानेगुरुजी ज्या अंमळनेरला शिक्षक होते तेच हे गाव. ते मात्र थोड्या नंतरचे.

१९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी या वयोवृद्ध बंगाली साधूंकडे गुणे शिकू लागले. मुंबईत योगसंस्था काढणारे श्रीयोगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. गुण्यांना गुरूंचा सहवास फार काळ लाभला नाही, कारण १९२१ मध्ये माधवदासजी गेले. मात्र तेवढ्या अवधीत जे शिकायला मिळाले त्याने त्यांचे आयुष्य बदलले. इथवरची कथा आपल्याकडच्या कितीतरी साधुचरित्रांसारखी आहे. पुढची तशी नाही.

गुरूने दिलेल्या क्रियांचा परिणाम गुण्यांना स्वतःच्या देहात जाणवत होता. सामान्य शिष्य तेथे थांबला असता, मठ बांधून मोकळा झाला असता. गुण्यांना प्रश्न पडला की हे होते कसे? १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना बडोद्याच्या रुग्णालयात नेले आणि उड्डियान व नौली या क्रिया चालू असताना क्ष-किरणांनी त्यांची तपासणी करवली. आत काय घडते ते दिसावे म्हणून बेरियम पोटात देऊन. शंभर वर्षांपूर्वीचे क्ष-किरण यंत्र, त्यापुढे उघडा उभा असलेला विद्यार्थी, आणि शेजारी डोळ्यांत प्राण आणून पाहणारा संस्कृतचा स्कॉलर! हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

नौलीचा प्रयोग जरा सविस्तर सांगते, कारण त्यात या माणसाचा सारा स्वभाव आहे. नौलीत श्वास पूर्ण सोडून पोट आत खेचायचे आणि मधले उभे स्नायू तेवढे आकसून पुढे आणायचे. बस्ती या जुन्या शुद्धिक्रियेत पाण्यात बसून नळीवाटे पाणी मोठ्या आतड्यात घेतात. पिचकारी नाही, पंप नाही, पाणी आपोआप वर चढते. हे कोण ओढते? परंपरेचे उत्तर वायूच्या भाषेतले. गुण्यांनी पाऱ्याची दाबमापक नळी आतड्याशी जोडली आणि नौली करायला लावली. पारा हलला. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झाला होता, म्हणजे आत अंशतः निर्वात पोकळी तयार होत होती आणि पाणी वर ढकलत होती ती बाहेरची हवा. शरीरशास्त्रातल्या या नव्या गोष्टीला त्यांनी नाव दिले माधवदास निर्वात. गुरूची शिकवण त्यांनी पाऱ्याने तपासली आणि जे हाती लागले त्याला गुरूचेच नाव दिले. बाबा आणि आजी यांच्या भांडणात मला जे सापडत नव्हते ते येथे सापडले असे वाटले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच महिन्यात 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. तोवर गुण्यांचे कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे निळे कमळ. त्रैमासिकात प्रयोगांचा शास्त्रीय भाग वेगळा, अर्धशास्त्रीय वेगळा आणि सर्वसामान्यांसाठीचा वेगळा असे. सिद्ध झालेले, संभवनीय वाटणारे आणि आचरायचे यांची सरमिसळ होऊ नये हा त्यामागचा कटाक्ष. आज मोबाईलवर योगाचे जे व्हिडिओ आपल्याला येतात त्यांत हे तिन्ही एकाच वाक्यात असते, हे जाता जाता नोंदवते.

प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, असे तेव्हाही सर्रास सांगत. आमच्या गच्चीवर आजही सांगतात. कुवलयानंदांनी श्वासाची मोजमापे घेतली आणि प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनात नाही असे छापून टाकले. स्वतःच्याच पंथाच्या लाडक्या समजुतीला त्यांनी असा धक्का दिला. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन लोणावळ्यास येऊन शिकले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी स्वतःवर घेतलेली मापे दिली आहेत. त्यांत उज्जायीच्या वेळी ऑक्सिजनचा वापर सुमारे २४.५ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. म्हणजे वाद मिटला नव्हता. पण वाद आता आकड्यांवर चालला होता, आणि तो तसा चालावा हीच स्वामीजींची इच्छा असावी.

१९२७ मध्ये गांधीजी आजारी असताना त्यांनी आसनांविषयी स्वामीजींचा सल्ला घेतला होता. त्या पत्रव्यवहारातही रक्तदाबाची चर्चा आहे. १९३६ साली मुंबईत चौपाटीजवळ योगोपचाराचे केंद्र निघाले. शाळांतील मुलांना एकत्र करता येतील असे यौगिक व्यायाम त्यांनी बसवले आणि मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही सांभाळले. १९५० च्या सुमारास लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय सुरू झाले. 'गोरक्षशतका'सारख्या जुन्या ग्रंथाचे संपादनही चालूच होते. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. या पुढच्या वर्षांत संस्था आणि समित्या यांचीच गर्दी आहे आणि मला त्यांत फारसा रस वाटला नाही, हे कबूल करते. स्वामीजींच्या स्वतःच्या समाधीसाधनेविषयी मला अधिक जाणून घ्यायचे होते. पण आपल्या अनुभवांची जाहिरात करणारा हा योगी नव्हता.

शिकवण्याची त्यांची रीत मात्र पुस्तकात पानोपानी दिसते. आसनात झटका नको, ताण सोसवेल इतकाच, दमछाक तर मुळीच नको. दंडबैठकांसारखा व्यायाम आणि आसने एकामागोमाग करू नयेत, मध्ये वीसेक मिनिटे जाऊ द्यावीत. आखाड्यात तीन वर्षे काढलेल्या माणसाने हे सांगावे याला अर्थ आहे. कुंभकाच्या मागे घाईने लागू नये. कान वाहत असेल, हृदय दुबळे असेल त्याने शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये. आणि ज्याचा रक्तदाब नेहमीच १५० च्या वर किंवा १०० च्या खाली असतो, त्याने आपल्या मनाने हा अभ्यास सुरू करू नये.

ग्रंथालयात मी उभ्याउभ्या वाचले ते हेच. कित्येक दशकांपूर्वी लोणावळ्याच्या एका योग्याने छापलेला तो आकडा आमच्या आजीपर्यंत पोचला नव्हता; पोचली होती ती कुणाची तरी ऐकीव गोष्ट.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला घेऊन लोणावळ्याला गेले. वारज्याहून बसने शिवाजीनगर, तेथून लोकल. गाडीत मी तिला नौलीचा प्रयोग समजावून सांगितला. पाऱ्याची नळी कोठे जोडली हे ऐकून ती पदराआड हसली आणि डब्यातल्या दोन बायका आमच्याकडे वळून पाहू लागल्या. कैवल्यधामाच्या झाडीतून हिंडताना ती फारसे बोलली नाही. परतीच्या गाडीत मात्र तळेगावच्या आसपास तिने विचारले की स्वामींच्या पुस्तकात तो आकडा किती लिहिला आहे. मी १५० म्हटले. तिने आपला शेवटचा आकडा आठवून पाहिला. तो १४४ होता.

आता घरात रक्तदाब मोजायचे यंत्र आले आहे, बाबांनीच आणले. गोळी चालू आहे. कपालभाती डॉक्टरांनी बंद ठेवायला सांगितले. शवासन आणि दोन-तीन साधी आसने करायला त्यांची हरकत नाही. आजी गच्चीवर जाण्याआधी टेबलाशी बसते, दंडाला पट्टा बांधते आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तारीख आणि दोन्ही आकडे मांडते. वर्गातल्या आणखी तिघीजणी आता आमच्याकडे डोकावून मग वर जातात. त्यांच्यासाठी आजीने पानावर वेगळे रकाने आखले आहेत.