अवशेषांमधली माणसे

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर पोहोचलेल्या पाहुण्याची मान आपोआप वर जाते. समोर पार्थेनॉनचे संगमरवरी खांब असतात. त्यांच्या पायथ्याशी कोण राबते आहे, इकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. १८३५ मध्ये डेन्मार्कचा एक चित्रकार या टेकडीवर आला. त्याने खांब तर पाहिलेच, पण त्याची नजर तिथल्या दगडधोंड्यांत काम करणाऱ्या माणसांवरही स्थिरावली. मार्टिनस रॉर्बी हे त्याचे नाव. त्याच्या देशात ते आजही आदराने घेतले जाते.

रॉर्बीचा जन्म १८०३ चा, नॉर्वेतल्या द्रामेन गावचा. आईवडील डॅनिश. १८१४ मध्ये नॉर्वे डेन्मार्कच्या हातून गेला आणि हे कुटुंब डेन्मार्कला परतले. कोपनहेगनच्या कला अकादमीत शिकत असताना त्याला एकर्सबर्ग हे गुरू लाभले. एकर्सबर्ग शिस्तीचे. जे डोळ्यांना दिसते तेच काढायचे, आणि यथादर्शनाचे गणित चुकवायचे नाही, ही त्यांची शिकवण. विशी ओलांडलेल्या रॉर्बीने घरातली खिडकीच चित्रात आणली: उंबऱ्यावर फुलझाडांच्या कुंड्या, टांगलेला पिंजरा, पलीकडे बंदरातली जहाजे. डॅनिश कलेच्या सुवर्णकाळाची आठवण निघाली, की हे चित्र हटकून पुढे येते.

अकादमीचा हिशेब मात्र वेगळा होता. तिथे पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांना वरची पायरी होती. रोजच्या जगण्याची चित्रे बरीच खालची. रॉर्बीला १८२९ मध्ये छोटे सुवर्णपदक मिळाले. मोठे पदक, ज्याबरोबर परदेशप्रवासाची शिष्यवृत्ती मिळत असे, त्याने प्रयत्न करूनही हाती लागले नाही. एखादा खचला असता. रॉर्बी आपल्या आवडीच्या वाटेनेच चालत राहिला आणि १८३४ मध्ये पॅरिसमार्गे रोमला गेला.

पुढच्या वर्षी वास्तुविशारद मित्र बिंदेसबोल याच्याबरोबर तो ग्रीसला निघाला. तेव्हा रोमपर्यंत जाणारे डॅनिश चित्रकार पुष्कळ होते. ग्रीस आणि तुर्कस्तान गाठणारा त्यांच्यातला हा पहिलाच. कॅमेरा अजून जगापुढे यायचा होता. ती घोषणा १८३९ ची. प्रवाशाजवळ कागद, पेन्सिल आणि धीर एवढेच भांडवल. जाईल तिथे तो रेखाटत असे आणि रोजनिशी लिहीत असे.

अथेन्सला राजधानी होऊन जेमतेम वर्ष झाले होते. तुर्की अंमल संपला होता आणि नव्या राज्याला आपले प्राचीन वैभव पुन्हा उभे करायचे होते. १६८७ च्या वेढ्यात व्हेनिसच्या तोफांनी पार्थेनॉनमधला दारूसाठा उडवला होता. त्या पडक्या देवळाच्या पोटात तुर्कांनी नंतर छोटी मशीद बांधली, भोवती घरे केली. आता ते सारे हटवायचे ठरले. तुर्की बुरूज उतरवताना त्यात चिणलेले नाइके देवीच्या मंदिराचे दगड सापडले आणि १८३५-३६ मध्ये ते मंदिर पुन्हा रचायला घेतले गेले. त्या कामात क्रिस्तियान हान्सेन हा डॅनिश वास्तुविशारदही होता.

रॉर्बीने हा मधला काळ टिपला. अवशेषांत काम करणाऱ्या ग्रीक मजुरांचे त्याचे १८३५ चे चित्र प्रसिद्ध आहे. पुढे मशीद गेली, घरे गेली, मध्ययुगातला उंच मनोराही १८७० च्या दशकात पाडला गेला. टेकडी स्वच्छ झाली. पण शतकानुशतके तिथे नांदलेल्या माणसांच्या खुणाही त्याबरोबर पुसल्या गेल्या. त्या शोधायच्या तर अशा प्रवासी चित्रकारांचे कागदच उलगडावे लागतात.

इस्तंबूलमध्येही त्याने भव्य मशिदीच्या दारासमोर कोण बसले आहे ते पाहिले. तिथे लग्नाचा करारनामा लिहिणारा लेखनिक त्याने १८३७ च्या चित्रात आणला. आयुष्यभर टेबलापलीकडे बसून लोकांच्या सह्या घेतलेल्या माझ्यासारख्याला हे चित्र फार जवळचे वाटते. दोन घरांचे भवितव्य एका कागदावर उतरत असते, आणि मागून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मायदेशी परतल्यावर मान मिळाला. १८३८ मध्ये अकादमीचे सदस्यत्व आणि १८४४ मध्ये प्राध्यापकपद. ज्या अकादमीने मोठे पदक नाकारले, तिथेच तो शिकवू लागला. तरी ओढ साध्या माणसांचीच. डेन्मार्कच्या उत्तर टोकाचे स्कागेन हे कोळ्यांचे गाव त्याने १८३३ मध्येच पाहिले होते. चित्रकारांची तिथे रीघ लागली ती कितीतरी नंतर. १८४८ मध्ये, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी निवांत जमलेली स्कागेनची माणसे त्याने रंगवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. वय अवघे पंचेचाळीस.

पुढच्याच महिन्यात कोपनहेगनमध्ये शिल्पकार थोरवाल्डसेनचे संग्रहालय उघडले. ते बांधले होते त्याच्या ग्रीसच्या सोबत्याने, बिंदेसबोलने. त्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर रंगीत चित्रपट्टा आहे. काढणारा यॉर्गेन सोन्ने, रोमच्या दिवसांपासूनचा दोघांचा मित्र. त्यात जहाजावरचे खलाशी आहेत, स्वागताला आलेले नागरिक आहेत आणि जडशीळ पुतळे ओढत नेणारे मजूरही आहेत. संग्रहालयात जाणाऱ्याला शिल्पे दिसतात ती आत गेल्यावर. ती वाहून आणणारी माणसे त्याआधी, दाराबाहेरच भेटतात.