काचतज्ज्ञ ओटो शॉट

ओटो शॉट यांचा जन्म १८५१ साली जर्मनीतील विटेन या गावी झाला. वडील खिडक्यांच्या काचा बनवीत. म्हणून काचेची भट्टी त्यांच्या बाळपणापासूनच परिचयाची होती. त्या काळी काचपात्र एकाएकी तापले की तडके. तापमापक एकदा तापला की पुढे बर्फात ठेवूनही शून्य अंश अचूक दाखवीत नसे. मग वैद्याने रोग्याचा ताप कसा जाणावा? १८८४ साली शॉट यांनी आबे व झाइस यांच्यासह येना येथे प्रयोगशाळा स्थापिली. सोडा व पोटॅश एकत्र न मिसळता त्यांनी तापमापकाची भरवशाची काच केली. बोरॉन मिसळून उष्णता सोसणारी काच सिद्ध केली. १९३५ साली ते निवर्तले. परंतु मुलांनो, आजही औषधांच्या अनेक कुप्या व प्रयोगशाळेतील परीक्षानळ्या त्याच जातीच्या काचेच्या असतात.