क्षिप्रेकाठचा विजय

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात चोंडी नावाचे एक लहानसे खेडे आहे. या गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्येचा जन्म झाला. मुलींना लिहिणे-वाचणे शिकविण्याचा प्रघात त्या काळी नव्हता. तरीही माणकोजींनी आपल्या कन्येस अक्षरओळख करून दिली. पुढे मराठ्यांचे पराक्रमी सरदार मल्हारराव होळकर यांचा मुक्काम एकदा चोंडीस पडला. देवळात आलेल्या या लहानग्या मुलीचे शांत व नम्र वागणे पाहून त्यांनी तिला आपली सून करून घेण्याचे ठरविले, असे सांगतात. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्येचा विवाह झाला आणि चोंडीच्या पाटलाची लेक होळकरांच्या घरी आली.

मल्हारराव सदैव मोहिमांवर असत. त्यांनी आपल्या सुनेची बुद्धी ओळखली आणि हळूहळू तिच्यावर कामे सोपविण्यास प्रारंभ केला. वसुलाचा हिशेब पाहणे, सैन्यासाठी दाणागोटा व दारूगोळा पाठविणे, आलेल्या पत्रांना उत्तरे देणे, ही कामे अहिल्याबाई करू लागल्या. त्यांपैकी एकही काम डोळे दिपविणारे नव्हते. परंतु राज्यात धान्य किती, पैसा किती, माणसे किती आणि कोणाचे कोणाशी सख्य अथवा वैर आहे, याचे ज्ञान या रोजच्या कामांतूनच त्यांना झाले.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. त्या काळच्या क्रूर रूढीस अनुसरून अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या मल्हाररावांनी त्या वेळी त्यांना आज्ञा केली नाही, तर विनवणी केली. आपल्या वृद्धापकाळी आता सुनेवाचून दुसरा आधार नाही आणि प्रजेचा भार वाहण्यासही तिच्यावाचून कोणी नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितले. अहिल्याबाईंचे मन वळले आणि त्या मागे फिरल्या. प्रेमाने व युक्तिवादाने मनुष्याचा निश्चय बदलता येतो, हे त्यांनी स्वतःच अनुभवले.

त्यानंतर मल्हाररावांनी त्यांच्यावर अधिक मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या. १७६५ मध्ये तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे कूच करावे व वाटेत दारूगोळ्याची तरतूद करावी, असे त्यांनी सुनेस पत्राने कळविले होते. राज्यकारभाराचे हे शिक्षण सुमारे बारा वर्षे चालले.

१७६६ मध्ये मल्हाररावांचे निधन झाले. त्यांच्यामागे अहिल्याबाईंचा पुत्र मालेराव गादीवर आला. परंतु १७६७ मध्ये तोही मरण पावला. पती, सासरे आणि एकुलता एक पुत्र असे तिघेही गेले. होळकरांचे कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अशा वेळी एक सूचना पुढे केली. अहिल्याबाईंनी एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा आणि कारभार आपल्या हाती राहू द्यावा, असा तिचा आशय होता. या सूचनेमागील हेतू अहिल्याबाईंनी तत्काळ जाणला. आपण एका वारसाची पत्नी व दुसऱ्याची माता आहोत, तेव्हा पुढील व्यवस्था ठरविण्याचा अधिकार आपलाच आहे, असे त्यांनी शांतपणे पण ठामपणे सांगितले.

तेव्हा चंद्रचूड यांनी पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांच्याकडे संधान बांधले. राघोबादादा मोठी फौज घेऊन उज्जयिनीजवळ क्षिप्रा नदीच्या तीरावर आले. एकीकडे नावाजलेला सेनापती, तर दुसरीकडे शोकाकुल विधवा. युद्ध झाले असते, तर मराठ्यांनी मराठ्यांचेच रक्त सांडले असते आणि माळव्यातील उभी शेते घोड्यांच्या टापांखाली तुडविली गेली असती.

अहिल्याबाई घाबरल्या नाहीत आणि संतापाच्या भरात त्यांनी उतावीळही केली नाही. प्रथम त्यांनी पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडणारे पत्र धाडले. शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांनाही त्यांनी लिहिले. आज जो अन्याय होळकरांवर होत आहे, तो उद्या कोणत्याही सरदाराच्या घरी होऊ शकेल, ही गोष्ट त्यांनी त्यांच्या ध्यानी आणून दिली. अशा प्रकारे त्यांचे गाऱ्हाणे सर्वांचेच गाऱ्हाणे झाले. त्याच वेळी त्यांनी आपले सैन्य सज्ज केले व विश्वासू तुकोजी होळकर यांना क्षिप्रेकडे पाठविले. हाती बळ नसता केलेल्या विनवणीस मान मिळत नाही, हे त्या जाणून होत्या.

एवढी सिद्धता झाल्यावर त्यांनी राघोबादादांस निरोप पाठविला. एका स्त्रीवर विजय मिळविल्याने त्यांच्या कीर्तीत काहीच भर पडणार नाही. परंतु पराभव झाला, तर जन्मभर उपहास मात्र सोसावा लागेल, याचा त्यांनी विचार करावा, असे त्यात सुचविले होते. या निरोपात शिवी नव्हती, धमकी नव्हती. आपले हित कशात आहे, याचा विचार समोरच्या पुरुषाने स्वतःच करावा, एवढीच त्यात योजना होती.

राघोबादादा विचारात पडले. शिंदे व भोसले त्यांना साहाय्य करण्यास तयार झाले नाहीत. माधवरावांनीही चुलत्यांस या उद्योगापासून परावृत्त होण्यास कळविले. अखेर आपण केवळ मालेरावाच्या निधनाबद्दल सांत्वन करण्यास आलो आहोत, असे राघोबादादांनी कळविले, असे सांगतात. अहिल्याबाईंनी त्यांना खोटे पाडले नाही. सांत्वनास आलेल्याला फौजेची गरज ती काय, असे म्हणून त्यांनी राघोबादादांस पाहुणे म्हणून बोलाविले व त्यांचा योग्य आदरसत्कार केला. प्रतिपक्षास मानाने माघार घेता यावी म्हणून त्यांनी एक वाट मोकळी ठेवली होती. अशा रीतीने एकही बार न उडता हे संकट टळले. पुढे तुकोजी सेनेचे प्रमुख झाले आणि राज्यकारभार अहिल्याबाईंच्या हाती राहिला.

त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी केली. त्यांची दिनचर्या अत्यंत नियमित होती. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुढे ती लिहून ठेवली आहे. पहाटे उठून पूजा व पुराणश्रवण झाल्यावर त्या दानधर्म करीत. दुपारी दोनच्या सुमारास दरबार भरे, तो सायंकाळी सहापर्यंत चाले. रात्री नऊ वाजता त्या पुन्हा कामास बसत, त्या अकरापर्यंत. दरबारात आलेल्या प्रत्येकाची फिर्याद त्या स्वतः ऐकत. पुष्कळसे तंटे त्या पंचांकडे सोपवीत. पण कोणी पुन्हा दाद मागितली, तर अगदी क्षुल्लक प्रकरणाचीही न कंटाळता चौकशी करीत. पुणे, नागपूर, हैदराबाद, लखनौ, कलकत्ता इत्यादी ठिकाणी त्यांचे वकील असत.

डोंगराळ भागातील भिल्ल वाटसरूंना लुटीत असत. अहिल्याबाईंनी प्रसंगी त्यांना कठोर शासन केले. परंतु केवळ शासनाने हा प्रश्न सुटणार नाही, हेही त्यांनी जाणले. आपल्या मुलखातून जाणाऱ्या मालावर लहानशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा परंपरागत हक्क त्यांनी मान्य केला. या पट्टीस भिल्लकवडी म्हणत. त्यांना कसण्यासाठी पडीक जमीनही दिली. त्या बदल्यात वाटसरूंचे रक्षण करण्याची व चोरीस गेलेला माल भरून देण्याची जबाबदारी भिल्लांनी पत्करली. लुटारू होते, तेच वाटांचे राखणदार झाले.

मात्र एका प्रसंगी त्यांच्या शब्दांस यश आले नाही. १७९१ मध्ये त्यांचे जामात यशवंतराव फणसे निवर्तले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जशी विनवणी केली होती, तशीच विनवणी आता अहिल्याबाईंनी केली. परंतु मुक्ताबाईचा निश्चय ढळला नाही. ज्यांच्या एका निरोपाने मोठी फौज थांबली, त्या मातेस आपल्या लेकीस थांबविता आले नाही. हे दुःख उरी बाळगूनच त्यांनी पुढील चार वर्षे प्रजेची गाऱ्हाणी ऐकली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. २०२४ मध्ये त्यांच्या जन्मभूमीच्या जिल्ह्यास त्यांचेच नाव देण्यात आले. क्षिप्रेच्या काठी त्यांना लाभलेला विजय एका दिवसाचा नव्हता. हिशेबाच्या वह्या तपासण्यात, पत्रे लिहिण्यात आणि दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्यात घालविलेल्या अनेक वर्षांचे ते फळ होते.